काचेतली मुशी

क्रॉफर्ड मार्केटमध्ये फळांचे ढीग मागे पडले की पिंजऱ्यांचा भाग लागतो आणि तिथेच काचेच्या टाक्याही दिसायला लागतात. एकावर एक रचलेल्या. गप्पी, मोली, गोल्डफिश, एंजल. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की जाळी आत जाते, मासा पिशवीत येतो, पिशवीत थोडं पाणी आणि बराचसा ऑक्सिजन भरला जातो आणि तोंडाला रबर लागतं. सुट्टीच्या दिवशी लहान मुलं आईबाबांचे हात ओढत इथे फिरत असतात. एका मुलाने दुकानदाराला विचारलं, “काका, शार्क आहे?”

“आहे ना,” म्हणून दुकानदाराने खालची टाकी दाखवली.

टाकीत बोटाएवढे चंदेरी मासे होते. अंगावर लांबीच्या दिशेने गडद पट्टे, पाठीवर टोकदार पर, आणि पोहणं अखंड, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलाचा चेहरा उजळला. वडिलांनी दोन घेतले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाळणं’ हा विषय दिला, तेव्हा कुत्र्यामांजरांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे दिसत होतं. मला खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाहायच्या होत्या. समुद्रापासून दूरच्या एखाद्या इमारतीत, अकराव्या-बाराव्या मजल्यावर, लोक समुद्रातले मासे ठेवतात. काही जण खरोखरीचे छोटे शार्कही ठेवतात. हे चालतं कसं, हे पाहायला मी निघाले आणि पहिल्याच दुकानात त्या दोन चंदेरी माशांपाशी थांबले. पुढे जे जे पाहिलं त्याचं मूळ मला तिथेच सापडलं, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

दुकानातला शार्क

तो शार्क नव्हे. तो पंगॅसियस, मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला, शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातला गोड्या पाण्यातला मासा. आंध्रातल्या तळ्यांमध्ये याची शेती होते. मुंबईच्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जी पांढरी, काटे नसलेली तुकडी ताटात येते, ती बहुतेक वेळा याचीच असते. नदीत हा मासा सव्वा मीटरच्या वर जातो, वजन चाळीस किलोच्या पुढे. दुकानातल्या दोन फुटी टाकीतले ते बोटाएवढे मासे म्हणजे त्याची काही आठवड्यांची पिल्लं.

‘शार्क’ या नावाने विकले जाणारे आणखीही आहेत. लाल शेपटीचा काळा ‘रेड टेल शार्क’ आणि चंदेरी अंगाचा, पंखांना काळी किनार असलेला ‘बाला शार्क’ हे दोघेही रोहू-कटल्याच्या कुळातले. बाला फूटभराच्या वर वाढतो आणि कळपाने राहणारा आहे. घरी मात्र एकटा किंवा जोडीने आणला जातो. आकार टोकदार, पर उभे, एवढ्यावर नाव पडलं आणि त्या नावावर मासा खपतो.

घरी नेलेल्या पंगॅसियसचं काय होतं हे मला टाक्यांची देखभाल करणाऱ्या एका तरुणाने सांगितलं. तो ठाणे ते वाशी या पट्ट्यात घरोघरी, दवाखान्यांत आणि हॉटेलांत जाऊन टाक्या साफ करतो, पाणी बदलतो. वर्षभरात मासा टाकीच्या रुंदीएवढा होतो, वळताना त्याचं नाक काचेला घासतं. हा मासा मुळातच घाबरट. दिवा लागला, दार आपटलं की तो सरळ काचेवर धडकतो. मग घरचे लोक त्याला विचारतात, “दादा, तुम्ही घेऊन जाता का?” तो तरी किती नेणार? बरेच जण रात्री पिशवी घेऊन जवळच्या तलावावर जातात. परदेशी मासा तलावात सोडणं त्या तलावाच्या दृष्टीने घातक आहे, पण सोडणाऱ्याला वाटतं की आपण त्याला मोकळं केलं.

म्हणजे दुकानात पिल्लू विकत मिळतं. त्याचं पुढचं आयुष्य काउंटरवर दिसत नाही, आणि ते दाखवायची जबाबदारी कोणी घेत नाही. खाऱ्या पाण्याकडे वळल्यावर हाच प्रश्न पुन्हा येतो, फक्त किंमत आणि आकार वाढलेले असतात.

धक्क्यावरची मुशी

खरे छोटे शार्क कसे असतात हे पाहायला दुकानात जायची गरज नाही. भाऊच्या धक्क्यावर पहाटे ट्रॉलर लागतात तेव्हा बोंबील, मांदेली, कोळंबी यांच्या राशींच्या कडेला मुशी पडलेल्या असतात. आपल्या किनाऱ्यावर मुशी म्हणा किंवा मोरी म्हणा, मालवणी घरात तिचं मटण हा खास बेत असतो. या राशींत कधी एक बारीक, लांबोडा, तपकिरी मासा दिसतो. अंग मऊ, डोकं बोथट, शेपूट अंगापेक्षा लांब वाटावी अशी, तोंड खालच्या बाजूला आणि नाकापाशी दोन छोट्या मिशा. ही ‘बांबू शार्क’, शास्त्रीय नाव कायलोसिलियम. मुंबईच्या पाण्यात सापडणारी करड्या रंगाची जात, कायलोसिलियम ग्रिझियम, पाऊण मीटरपर्यंत वाढते. पिल्लांच्या अंगावर गडद पट्टे असतात, वयाबरोबर ते फिके होत जातात. जगभरच्या घरगुती मत्स्यालयांत जे शार्क ठेवले जातात त्यांत सर्वांत जास्त याच कुळातले. पांढऱ्या ठिपक्यांची, तपकिरी पट्ट्यांची अशा तिच्या बहिणी आग्नेय आशियात आहेत.

हिचा स्वभाव समजून घेतला की लोक तिला का निवडतात ते कळतं. समुद्रातले बरेच मोठे शार्क सतत पोहत राहतात, कारण त्यांच्या कल्ल्यांमधून पाणी जायला पुढे सरकणं लागतं. बांबू शार्क तळाशी पडून राहते, गालांनी पाणी ओढते, दिवसा खडकाच्या कपारीत झोपते आणि रात्री खेकडे, कोळंबी, छोटे मासे शोधायला बाहेर पडते. तिला टाकीत सतत फेऱ्या मारायच्या नसतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर तिची एक चुलत बहीण आहे, एपॉलेट शार्क. ओहोटीला उथळ डबक्यात अडकली तर ती पुढच्या-मागच्या परांवर चालत दुसऱ्या डबक्यात जाते, आणि पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपला तरी तासभर तग धरते. अशा तळाशी राहणाऱ्या शार्क टाकीत जगू शकतात, हे खरं आहे.

त्या अंडी घालतात, ही गोष्ट व्यापाराच्या सोयीची ठरली. मादी एका वेळी दोन अंडी घालते. कवच चामड्यासारखं, तपकिरी, चपटं, कडेला चिवट तंतू. तंतू खडकात गुंततात. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांचं असेल तर साधारण चार महिन्यांनी पिल्लू बाहेर येतं, अदमासे वीतभर. अंड्यामागे विजेरी धरली की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. परदेशी दुकानांत ही अंडीच विकली जातात. कवचातल्या या पिल्लाविषयी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला विसरता येत नाही. तपकिरी पट्ट्यांच्या बांबू शार्कच्या अंड्यांजवळ त्यांनी शिकारी माशाच्या विजेसारखा अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडला. आतलं पिल्लू तत्क्षणी थिजलं. त्याने कल्ल्यांची हालचालही थांबवली. जन्माआधीच त्याला धोका ओळखता येत होता.

पुनरुत्पादनाच्या बाबतीतही या मुशी माणसाला चकित करत आल्या आहेत. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या बेल आइल मत्स्यालयात २००२ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या एका मादीच्या अंड्यांतून पिल्लं निघाली, तेव्हा तिच्या टाकीत नर नव्हता. नंतरच्या जनुकीय तपासणीत पिल्लांना बापच नसल्याचं सिद्ध झालं. सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या जातीच्या एका मादीने नराचं बीज तब्बल ४५ महिने शरीरात साठवून ठेवलं आणि मग फलित अंडी घातली. इतकं गुंतागुंतीचं आयुष्य असलेला हा जीव आपण काचेत मागवतो, तेव्हा त्याच्या मागण्याही तितक्याच गुंतागुंतीच्या असणार.

पाणी बसायला लागणारे दिवस

देखभालवाल्या तरुणाबरोबर मी ठाण्यातल्या एका घरी गेले. तिथे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आत साडेचारशे लिटर पाणी, क्लाऊन माशांची एक जोडी, एक गोबी, दोन कोळंब्या आणि मऊ प्रवाळांचे झुबके. निळसर उजेडात हे सगळं हलत असतं. पण घरच्या काकांनी मला आधी टाकीच्या खालचं कपाट उघडून दाखवलं.

कपाटात दुसरी टाकी होती, तिला हे लोक ‘संप’ म्हणतात. वरचं पाणी नळीने खाली उतरतं, आधी जाड कापडातून गाळलं जातं, मग स्किमरमध्ये जातं. स्किमर म्हणजे उभं नळकांडं. त्यात पंप पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे मिसळतो. माशांची विष्ठा, खाल्लेल्याचे अवशेष, चिकट प्रथिनं बुडबुड्यांना धरून वर चढतात आणि वरच्या वाटीत तपकिरी, उग्र वासाचा फेस साठतो. हा फेस रोज फेकावा लागतो. बाजूला चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र. मुंबईच्या मे महिन्यात घरातलं पाणी तिशीच्या वर सहज जातं, आणि प्रवाळांना ते सोसत नाही. वर लाटा करणारे दोन पंखे. या सगळ्याचा आवाज रात्री घरभर ऐकू येतो. काकूंना त्याची सवय झाली आहे. पंप बंद पडला तर त्यांना झोपेतून जाग येते.

पाणी समुद्राचं नाही. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि सांडपाण्याने बिघडलेलं, ते टाकीत घालायची सोय नाही. नळाचं पाणी आरओमधून काढून त्यात समुद्री मीठ मिसळावं लागतं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार मोजून घातलेलं मिश्रण पिशव्यांतून येतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे ही टाकी पहिल्यांदा भरायला सोळा किलोच्या आसपास मीठ लागलं असेल. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वरून घालून खारटपणा सारखा ठेवायचा. काकांकडे त्यासाठी छोटी दुर्बिणीसारखी नळी आहे. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरली की आकडा दिसतो. हा आकडा ते सकाळी चहाच्या आधी पाहतात.

आणि तरीही ही यंत्रं म्हणजे टाकी नव्हे. टाकी चालवतात ते जिवाणू. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो थोडासुद्धा साठला तर मासा मरतो. खडकांच्या भोकांत आणि वाळूत बसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच अंशी सोसवतं. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. या काळाला टाकी ठेवणारे ‘सायकल’ म्हणतात. पाणी भरलेलं, दिवे लागलेले, आणि आत एकही मासा नाही. घरातली मुलं रोज विचारणार, पाहुणे विचारणार. बहुतेक नव्या टाक्या इथेच मरतात, कारण धीर सुटतो आणि तिसऱ्या दिवशी ‘निमो’, म्हणजे क्लाऊन मासा, आणला जातो. या काकांनी तीन महिने रिकामी टाकी पाहिली. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला तो तिथे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि आसपासची वीज एकाएकी गेली, तेव्हाची सकाळ या छंदातल्या प्रत्येकाला आठवते. पंप थांबले की पाणी हलत नाही, हवा मिसळत नाही, जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो, तो संपायला लागतो. काकांनी बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, आणि काकू तांब्याने पाणी वर उचलून पुन्हा टाकीत सोडत राहिल्या, कितीतरी वेळ.

दोन टन पाणी आणि एक मुशी

काकांना शार्क ठेवायची इच्छा होती. ती त्यांनी सोडली, आणि का सोडली हे ते वही काढून दाखवतात.

तळाशी पडून राहणारी मुशीही रात्री फिरते, आणि वळायला तिला तिच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. म्हणून शार्कच्या टाकीत उंचीला महत्त्व कमी, तळाला जास्त. अनुभवी लोक आठ फूट लांब आणि चार फूट रुंद तळाच्या खाली जाऊ नका म्हणतात, आणि कोपरे गोल असले तर उत्तम. अडीच फूट उंच धरली तरी पाणी भरतं सव्वादोन हजार लिटरच्या वर. खाऱ्या पाण्याचं हे वजन सव्वादोन टनांहून अधिक, वर काच, वाळू, खडक आणि लोखंडी मांडणी. राहत्या इमारतींच्या मजल्यांसाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो. ही टाकी चौरस मीटरला ७५० किलोंच्या पुढे नेते. इंजिनिअरला न विचारता ती बाराव्या मजल्यावर ठेवणं म्हणजे खालच्या घरात राहणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालणं आहे.

पण वजन हा सोपा भाग. अवघड भाग मुशीच्या रक्तात आहे.

मालवणी स्वयंपाकघरात मोरी शिळी झाली की लगेच कळतं, नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचा, आणि त्याचं कारण युरिया. समुद्रात राहायचं म्हणजे बाहेरचं मीठ सतत शरीरातलं पाणी ओढून घेणार. बोंबील-बांगड्यासारखे हाडांचे मासे त्यावर समुद्राचं पाणी पिऊन, जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकून मात करतात. शार्कने दुसरा मार्ग काढला. ती युरिया आणि आणखी एक संयुग रक्तात साठवते, म्हणजे तिच्या आतलं पाणी बाहेरच्या समुद्राइतकंच दाट राहतं. या तोलावर ती जगते. टाकीतला खारटपणा चटकन वरखाली झाला तर हाडांचा मासा कसाबसा सावरतो, मुशीचा मात्र तोलच जातो.

दुसरं, औषध. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो. परजीवी अंगात शिरतो, मासा खडकाला अंग घासायला लागतो. दुकानदार त्यावर हमखास तांब्याचं औषध देतो आणि हाडांच्या माशांवर ते चालतं. शार्कला ते विष आहे. देखभालवाल्या तरुणाने सांगितलेला एक प्रसंग : एका बंगल्यातल्या टाकीत मुशीबरोबर इतर मासेही होते, ते आजारी पडले, मालकाने घाईने औषध ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी मासे सावरले, मुशी मेली. वाळूत आणि खडकात शिरलेलं तांबं नंतर महिनोन्महिने निघत नाही.

तिसरं, वीज. शार्कच्या थोबाडावर बारीक भोकं असतात, आत चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या. स्टेफानो लोरेंझिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं आणि त्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. वाळूखाली लपलेल्या खेकड्याच्या स्नायूंतली अगदी सूक्ष्म वीज शार्कला या नळ्यांनी कळते. टाकीतल्या जुन्या पंपाची, हीटरची, गंजत्या धातूची गळणारी वीजही तिला कळते. आपल्याला शांत दिसणारी टाकी तिच्यासाठी गोंगाटाने भरलेली असू शकते. मुशी खात नाही, कोपऱ्यातून हलत नाही, अशी तक्रार आली की तो तरुण आधी सगळे प्लग काढून पाहतो.

याखेरीज वाळू. ती बारीक हवी, नाहीतर पोट सोलवटून जखमा होतात. झाकण घट्ट हवं, कारण या मुशी काचेवरून चढून बाहेर पडतात. नायट्रेट वाढत राहिलं तर शरीराला आयोडीन नीट मिळत नाही आणि गळ्याशी गाठ येते. माणसाला गलगंड होतो तोच प्रकार. फक्त बर्फातली मासळी घालत राहिलं तर जीवनसत्त्वं कमी पडतात. ही काळजी आठवडाभराची किंवा वर्षभराची नाही. बांबू शार्क नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षं जगते. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेली मुशी त्याच्या लग्नानंतरही घरात असणार, आणि तो तोवर पुण्यात किंवा टोरांटोत.

बांबू शार्कच्या बाबतीत हे निदान विचारात तरी घेता येतं. पण नर्स शार्कची पिल्लंही जगभरच्या व्यापारात विकली गेली आहेत. पिल्लू फूटभराचं, गोंडस मिशांचं, आणि पूर्ण वाढ अडीच-तीन मीटर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या ठिपकेदार लेपर्ड शार्कचीही हीच गत. तिथे ३६ इंचांहून लहान लेपर्ड शार्क पकडायला बंदी आहे. तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातली पिल्लं चोरून पकडून दुकानांना विकणारी एक टोळी उघड झाली आणि २००७ साली तिला शिक्षा झाली. पिल्लांनाच मागणी होती, कारण घरच्या टाकीत तेवढीच मावतात.

रंगीत मासे येतात कुठून

शार्क बाजूला ठेवली तरी खाऱ्या पाण्याच्या टाकीतला बहुतेक जीव समुद्रातून पकडून आणलेला असतो. गोड्या पाण्यातले गप्पी-मोली तळ्यांत आणि हौदांत पैदा होतात, त्यासाठी नदीवर जावं लागत नाही. समुद्री माशांपैकी फार थोड्या जाती माणसाला पैदा करता येतात. मन्नारच्या आखाताचा किनारा, केरळात विळिंजम, लक्षद्वीप, आणि बाहेरून श्रीलंका, इंडोनेशिया, फिलिपिन्स. पाणबुड्यांच्या जाळ्यातून व्यापाऱ्याकडे, तिथून विमानाने चेन्नईला, पुढे मुंबईला, पिशवी बदलत बदलत. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळात सायनाइडचं पाणी फवारून मासे गुंगवायची पद्धत पडली. मासा हाती लागतो, पण आसपासचं प्रवाळ मरतं, आणि माशाचं यकृत-आतडं दुखावलेलं असतं. दुकानात तो खातो-पितो, घरी काही आठवड्यांत कारण न समजता मरतो. मालक म्हणतो, पाणी बिघडलं असेल.

‘फाइंडिंग डोरी’तली निळी डोरी घ्या. दुकानात ती रुपयाच्या नाण्याएवढी, वाढ फूटभर, सवय दिवसभर लांब पल्ल्याने पोहायची. बंदिस्त पाण्यात तिची पैदास फ्लोरिडातल्या संशोधकांना २०१६ साली पहिल्यांदा साधली. आजही टाक्यांतल्या बहुतेक डोऱ्या समुद्रातूनच येतात. मँडरिन मासा तर दिवसभर जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो. कोरडं खाणं तो बहुधा तोंडात घेत नाही आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा क्लीनर रास तसाच. हे दोन्ही मी दुकानांत विक्रीला पाहिले, हे सांगणारी पाटी मात्र कुठेच दिसली नाही.

आपल्याकडे कायदा प्रवाळांच्या बाबतीत स्पष्ट आहे. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आणि सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा विकणं हासुद्धा गुन्हा. माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम काढले होते. विक्रीला मनाई असलेल्या १५८ जातींची यादी, टाक्यांच्या आकारांचे निकष, नोंदणी. व्यापाऱ्यांनी विरोध केला, नियम मागे घेतले गेले. त्या नियमांत त्रुटी होत्या. क्लाऊन मासाही त्या यादीत होता, आणि क्लाऊनची पैदास तर आपल्याच सरकारी संस्था करतात. पण दुकानात मासा विकताना त्याचा पूर्ण वाढीचा आकार लिहावा, एवढी एक अट तरी कोणीतरी पुन्हा आणायला हवी. तिला खर्च नाही, आणि तिने हजारो जीव वाचतील.

सोडून दिलेल्या माशांचं काय होतं हे जगाने अटलांटिकमध्ये पाहिलं. हिंदी-प्रशांत महासागरातला विषारी काट्यांचा लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला, बहुधा घरच्या टाक्यांतून सोडलेला. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथल्या प्रवाळांवरचे लहान मासे फस्त करतो आहे.

एक मासा, ज्याचं आयुष्य टाकीत मावतं

ऐरोलीच्या खाडीकाठी, फ्लेमिंगो पाहायला जिथून बोटी सुटतात, तिथेच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. त्या आवारात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने क्लाऊन माशांची पैदास सुरू झाली. पिल्लं वाढवून विकायचं काम किनाऱ्यावरच्या लोकांना देता यावं, हा त्यामागचा विचार. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजमला हे तंत्र आधीच बसवलं होतं, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर ब्यूरोने बायकांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं.

क्लाऊनची पैदास बघण्यासारखी असते. माशांच्या गटात सगळ्यात मोठा मासा मादी, त्याच्याखालचा नर, बाकीचे लहान आणि अजून कोणीच नाहीत. मादी मेली की नर मादी होतो आणि तिसऱ्याला नर व्हायची पाळी येते. म्हणून दोन लहान मासे एकत्र ठेवले तर वर्षभरात जोडी आपोआप बनते. मादी मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला किंवा फरशीवर केशरी अंडी चिकटवते, एका वेळी काही शे. बाप दिवसभर त्यांना परांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. सातव्या-आठव्या दिवशी अंड्यांतले डोळे चंदेरी चमकायला लागतात, आणि दिवे मालवल्यावर त्या रात्री पिल्लं बाहेर येतात. ती अर्धा सेंटिमीटरही नसतात, तोंड त्याहून लहान. त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला लागतात, रोटिफरांना हिरवं शेवाळ लागतं, शेवाळ काचेच्या हंड्यांत वेगळं वाढवावं लागतं. पिल्लं वाढवणारा माणूस खरं तर दिवसाचा बराच वेळ शेवाळाच्या मागे असतो. दोन आठवड्यांत पिल्लांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि ती तळाकडे उतरतात. तीन-चार महिन्यांत विकायजोगी.

असा मासा दुकानात येण्याआधीच कोरडं खाणं खायला शिकलेला असतो. तो विमानतळांच्या साखळीतून आलेला नसतो, त्याला सायनाइड लागलेलं नसतं. समुद्रातही तो आयुष्यभर एका फुलासारख्या प्रवाळबंधूच्या, सी ॲनिमोनच्या, आसपास काही फुटांत राहतो. त्याची पूर्ण वाढ बोटाएवढी. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत एक जोडी नीट राहते, आणि वीस वर्षंही जगू शकते.

ठाण्याच्या काकांच्या टाकीतली क्लाऊनची जोडी पैदास केलेली आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आता त्यांना पिल्लं वाढवून पाहायची आहेत. त्यासाठी गॅलरीत शेवाळाचे तीन हंडे मांडले आहेत, त्यांतला एक दर आठवड्याला कशाने तरी मरतो आणि काकू नवं बीज आणायला त्यांना वाशीला पाठवतात. शार्कविषयी विचारणारे लोक त्यांच्याकडे अजून येतात. ते त्यांना नकार देत नाहीत. आठ फूट बाय चार फुटांचा आकार हॉलच्या फरशीवर खडूने आखून दाखवतात, वीस वर्षांचं वीजबिल वहीत मांडतात, आणि ओहोटीची वेळ पाहून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर यायला सांगतात. पायाखालचं निसरडं शेवाळ सांभाळत, दगड न उलटता, डबक्यात वाकून नीट पाहिलं तर तिथे गोबी, खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर मुशीचं रिकामं अंडंही दिसतं. जे येतात त्यांतल्या काहींनी घरी टाकी केलीच नाही, ते आता अमावास्या-पौर्णिमेच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवतात. काहींनी शंभर लिटरची टाकी केली आणि सहा आठवडे रिकामी ठेवली. एकाने शार्क आणलीच. तळमजल्यावर, गोल टाकीत, इंजिनिअरला विचारून. ती आज साडेतीन वर्षांची आहे आणि काका दर महिन्याला तिचं नायट्रेट तपासायला जातात.